काब द रामच्या बराकी मोजायची परवानगी : माझा अनुभव

मला गोव्यातल्या काब द राम किल्ल्यातल्या पडक्या बराकींची मोजमापं हवी होती, एम.ए.च्या प्रबंधासाठी. विषय म्हणजे सैनिक रोज कसे राहायचे, झोपायचे कुठे, चूल कुठे, कचरा कुठे टाकायचे. खोदकाम करायचं नव्हतं, फक्त टेप, ट्रायपॉड आणि फोटो. कॉलेजचं पत्र सरांनी लगेच दिलं, अर्ज झाला, आधारची झेरॉक्स जोडली, आणि मग एका ऑफिसात फाइल जी बसली ती बसलीच.

तिथल्या साहेबांचं एकच, "बाय, प्लान आसा मू, मागीर मेजता कित्याक?" (म्हणजे, किल्ल्याचा नकाशा आहे ना, मग मोजतेस कशाला?) दर खेपेला तेच, आणि दर खेपेला मी तेच समजावायचे आणि बाहेर येऊन कदंब बसच्या स्टँडवर चडफडत बसायचे. अहो, माझा सगळा विषयच तो आहे! प्लानात जागा कशी असायला हवी ते असतं, माणसं तिथे प्रत्यक्ष कशी राहिली ते जमिनीवरच बघावं लागतं. अमेरिकेत व्हॅली फोर्जच्या लष्करी छावणीत डिसेंबर १७७७ मध्ये सेनापती वॉशिंग्टनचा हुकूम होता, झोपडी १४ बाय १६ फूट, एकीत १२ शिपाई, सगळ्या सारख्या. नंतर उत्खनन झालं तेव्हा झोपड्या लहानमोठ्या, बांधणी वेगवेगळी, ज्याला जसं जमलं तसं. हुकमाचा कागद बघून थांबले असते तर हे कधीच कळलं नसतं.

आणि काब द रामचं तर अजून अवघड. किल्ला पोर्तुगीजांकडे आला १७६३ मध्ये सौंधेकर राजाकडून, आणि पुढे १९५५ पर्यंत आत तुरुंग होता. म्हणजे कुठली भिंत शिपायांच्या वेळची आणि कुठली नंतर घातलेली, हे चिऱ्यांचे सांधे जवळून बघितल्याशिवाय कसं सांगणार? हे सगळं एका पानावर लिहून मी अर्जाला जोडलं. तरी साहेब रजेवर, मग फाइल दुसऱ्या टेबलावर, मग कुठल्या टेबलावर तेच कुणाला माहीत नाही. इकडे मे संपत आलेला. पाऊस लागला की गवत इतकं माजतं की जोती दिसतच नाहीत, म्हणजे काम थेट दिवाळीनंतर.

शेवटी आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज, टाकला. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कशाला परवानगी देत नाही असं विचारलंच नाही, फक्त फाइल आज कुणाकडे आहे, कधीपासून आहे, आणि तिच्यावर काय शेरा आहे. उत्तराची मुदत संपायच्या आधीच परवानगीचं पत्र आलं, आणि खरं सांगते, ते हातात घेतल्यावर मला रडू आलं. अर्ज देताना इनवर्ड (आवक) नंबर मात्र शिक्क्यासकट घेऊन ठेवा, माझ्याकडे तो होता म्हणून हे जमलं.

प्रत्यक्ष मोजणी पावसाच्या आत सुखरूप झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक मात्र कराच, जमिनीवर कौलाचा तुकडा, काच, चिनीमातीची खापरी दिसली तर आहे तिथेच पट्टी ठेवून फोटो काढा, उचलू नका, जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते. कौलांकडे तर नीट बघा. मंगळुरात बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, त्यामुळे मंगळुरी कौल दिसलं की ते छप्पर त्यानंतरचं, नळ्याची कौलं त्याच्या आधीपासूनची.

आणि हो, हे राहिलंच. अर्जात ट्रायपॉड आणि टेप दोन्ही नावानिशी लिहा, आणि बरोबर येणाऱ्या मैत्रिणींची नावंसुद्धा, नाहीतर गेटवर पत्र दाखवूनही त्यांना बाहेर बसावं लागेल.