पहिल्या शॉर्ट फिल्मचं एडिटिंग: कट कानानं ठरवा

नवशिक्याचा कट खटकतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: चित्र आणि आवाज दोन्ही एकाच फ्रेमवर कापलेले असतात. ते सुधारण्याआधी थोडी तयारी लागते.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पहिल्या फिल्मला पुरून उरते. फुटेज आत घेण्याआधीच प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ते ठरवा, नंतर तो बदलता येत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटरवर शूट केलं असेल तर ट्यूबलाइटचा लुकलुकाट सहसा येत नाही. टाइमलाइनही (जिथे क्लिप क्रमानं लावतात ती पट्टी) २५ चीच ठेवा. फोनवर शूट केलेल्या क्लिपचा फ्रेम रेट मात्र कमीजास्त होत राहतो. अशा क्लिपला वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज जोडला की सुरुवातीला ओठ जुळतात आणि लांब टेकमध्ये पुढे सुटत जातात. म्हणून त्या क्लिप आधी हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढून घ्या. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवा.

आता मुख्य काम. आधी संवादांचा रफ कट, म्हणजे कच्ची जुळणी, लावा, मग डोळे मिटून ऐका. ज्या वाक्यानंतर थांबावंसं वाटतं तिथे थांबा ठेवा, रेंगाळतं तिथून फ्रेम काढा. ऐकायला सीन नीट वाटला की चित्राकडे या. सविता दार उघडून ‘कोण?’ म्हणते आणि पुढच्या शॉटमध्ये विजय उत्तर देतो, असं समजा. विजयचा आवाज सविताच्या चेहऱ्यावरच सुरू होऊ द्या आणि ८-१० फ्रेमनंतर त्याच्यावर कट करा. हाच जे-कट. उलट, विजय दिसू लागल्यावरही सविताचं वाक्य चालू राहिलं तर तो एल-कट. रिझॉल्व्हमध्ये टी दाबून ट्रिम मोडमध्ये जा, ऑल्ट धरून फक्त चित्राचा कट पकडा आणि सरकवा. आवाज जागचा हलत नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा कधी दाखवायचा, हे यातूनच हाती येतं, आणि अभिनय खरा तिथेच दिसतो.

तरीही कटवर खट्‌ असा आवाज येतो, कारण ध्वनीची लहर मध्येच तुटलेली असते. दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढणं) दिला की तो जातो. पंख्याची घरघर शॉटगणिक बदलत असेल तर संवादांखाली रूम टोनचा, म्हणजे कुणी बोलत नसतानाच्या त्या जागेच्या आवाजाचा, सलग ट्रॅक टाका. शूटिंगच्या जागी सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद रेकॉर्ड करायचं ते यासाठीच. राहून गेलं असेल तर संवादांमधल्या शांत जागा कापून जोडा. त्यात कुणाचा श्वास येऊ देऊ नका, तो पुन्हापुन्हा ऐकू येतो.

संगीत शेवटी. आधी टाकलं की लंगडा सीनही चांगला वाटू लागतो आणि चूक तशीच राहते. आवाजाच्या मीटरवर संवादांची शिखरं साधारण उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये असू द्या, आणि संगीत इतकं खाली की शब्द पकडायला कान ताणावे लागू नयेत.

कलर करेक्शनला, म्हणजे शॉटचे रंग-उजेड जुळवण्याला, फिल्मची लांबी पक्की झाल्याशिवाय हात लावू नका. एक्स्पोर्ट एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, आवाज ४८ किलोहर्ट्झवर. तयार फाइल हेडफोनवर आणि फोनच्या स्पीकरवर, दोन्हीकडे पूर्ण ऐका: हेडफोनवर खरखर सापडते, स्पीकरवर बुडालेले संवाद.