आमची वाटचाल: डिझेल पंपाच्या बेंचपासून टर्बो ट्यूनिंगपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं दुकान आहे. पाटीवर पूर्वी ‘डिझेल पंप व नॉझल दुरुस्ती’ एवढंच होतं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, ते सुरू केलं तेव्हा गिऱ्हाईक ठरलेलं होतं. शेतातली ऑईल इंजिनं, ट्रक, आणि गळीत हंगाम जवळ आला की उसाचे ट्रॅक्टर. मायकोचा (आताच्या बॉशचा) डिझेल पंप तपासणीच्या बेंचवर चढवायचा, ठरावीक फेऱ्यांत प्रत्येक लाईनमधून किती डिझेल पडतं ते काचेच्या नळ्यांत बघायचं. चारही नळ्या एका रेषेत आल्या की स्क्रू बांधायचा आणि तारेला शिशाचं सील ठोकायचं. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या त्या नळ्यांसमोर गेल्या.

दर हंगामात कुणीतरी म्हणायचाच, “आबा, जरा तेल वाढवा की. दोन ट्रॉल्या वढत न्हाई.” आबा एवढंच विचारायचे, “आणि वारा कुठनं आणणार?” मला तेव्हा वाटायचं, म्हातारा उगीच गिऱ्हाईक घालवतोय.

मी डिप्लोमा केला, पुण्यात तीन-चार वर्षं सर्व्हिस सेंटरला घासली आणि परत आलो. तोवर रस्त्यावर स्विफ्ट डिझेल झाली होती. 2007 मध्ये ती आली आणि तिच्या 1248 सीसीच्या इंजिनाने सगळ्या पोरांना टर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, चटक लावली. कागदावर 75 पीएस ताकद आणि 190 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी मेलेली, वर गेली की एकदम पाठीत धक्का. त्या धक्क्यासाठी लोक पैसे मोजायला तयार होते. मी लॅपटॉप घेतला, केबल घेतली, आणि एका ऑनलाईन विक्रेत्याकडून इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग असलेली तयार फाईल घेऊन गाड्यांत भरायला लागलो. अर्ध्या तासाचं काम. पहिले सहा महिने आबांच्या बेंचपेक्षा माझा गल्ला जास्त होता, आणि ते मी त्यांना ऐकवायचो पण.

मग आंबोली घाटात एकाचा टर्बो गेला. गोव्याला निघालेली चौघं पोरं, एसी चालू, सामान भरलेलं. आधी काळा धूर, मग निळा, मग शिट्टीसारखा आवाज आणि गाडी उभी. टोचन करून आणली. टर्बो उघडला तर शाफ्ट डुगडुगत होता आणि टर्बाईनची पाती कडेला खाल्लेली. फाईल मीच भरलेली, तेव्हा खर्च मीच केला.

आबांनी सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवलं, काजळी दाखवली आणि म्हणाले, “तू पण स्क्रूच पिळलास. फक्त कॉम्प्युटरवरनं.”

बरोबर होतं. त्या फाईलने डिझेल वाढवलं होतं, हवा नाही. जादाचं डिझेल उशिरा जळतं, सिलेंडरमध्ये काम करण्याऐवजी एक्झॉस्ट तापवतं, आणि ती आग थेट टर्बाईनवर. त्यात या गाडीचा इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाईप आधीच चिरलेला होता. हवा गळत होती, म्हणून टर्बो ठरलेला दाब गाठायला वाजवीपेक्षा जोरात फिरत होता. असले छोटे टर्बो आधीच मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातात. बेअरिंगला आधार फक्त तेलाच्या पातळ थराचा. मी गाडी घेतली तेव्हा पाईप तपासलाच नव्हता.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. आधी गाडी आहे तशीच चालवून लॉग काढायचा. कॉम्प्युटरने किती बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) मागितला आणि खरा किती मिळाला, हवेचं वजन, रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब). मागितलेलं आणि मिळालेलं जुळत नसेल तर ट्यूनिंग नाही, आधी दुरुस्ती. किती जणांना रिमॅप, म्हणजे नवी फाईल, लागतच नाही सांगू! क्लॅम्प घट्ट केला, एअर फिल्टर बदलला, आणि गाडी ‘नवी’ झाली. त्याचे पैसे थोडे मिळतात, पण तो माणूस भावाची गाडी घेऊन परत येतो. पुण्याला डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी नेऊन आधी-नंतरचा आलेख काढायलाही लागलो. रोलरवर मिळतो तो चाकावरचा आकडा, कंपनी सांगते तो इंजिनाचा. हे दोन मिसळून फुगवलेले आकडे सांगणारे पुष्कळ आहेत.

पेट्रोल टर्बो आल्यावर पुन्हा शाळेत बसावं लागलं. डिझेलला धूर बोलतो, पेट्रोल गप्प मारतं. बूस्ट वाढवला की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकर, मग कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो, आणि एप्रिलच्या उन्हात साधं पेट्रोल भरलेली गाडी ट्यून करूनही ढिम्म. चाकणच्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे 105 पीएस वाढवायला सगळेच येतात, पण तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) क्षमता 250 न्यूटन-मीटरची. त्याच्या खाली थांबायचं म्हटलं की पोरांची तोंडं उतरतात. “दादा, अमक्याच्या गाडीला तीनशे हायत.” असतील. जा मग त्याच्याकडं.

कायद्याचंही आम्ही आधीच सांगतो. गाडीत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीची वॉरंटी जाऊ शकते, विम्यावाला प्रश्न विचारू शकतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून द्या म्हणणाऱ्याला चहा पाजतो आणि परत पाठवतो. 2020 च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला, पाठोपाठ एप्रिलला बीएस-सहा हे प्रदूषणाचे कडक नियम आले, मारुतीने डिझेल बंदच केलं. त्या वर्षी दुकान आबांच्या बेंचनेच तारलं, कारण शेतातली इंजिनं थांबत नाहीत.

आज आम्ही चौघं आहोत. बेंच मागच्या भिंतीला अजून चालू आहे, पुढे लॅपटॉपचं टेबल, आणि शेजारचा गाळा मिळाला तर स्वतःचा डायनो बसवायचा आहे. त्याचं कर्ज अजून मंजूर व्हायचंय. आबा रोज अकराला येतात. ट्यून झालेली गाडी उभी असली की काही न विचारता मागे जातात, सायलेन्सरमध्ये बोट घालतात, उजेडात धरून बघतात. कधी पोराला चहा सांगायला लावतात. कधी नुसतं बोट माझ्यासमोर धरतात, आणि मी केबल पुन्हा लावतो.