१ जूनला जन्मलेला गाव

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे असा समितीचा फोन आला तेव्हाच मी सांगून टाकलं की छड्या, गोट्या नि झेंडावंदनाच्या गोळ्या यावर बाकीचे लिहितीलच, मी २०२० सालचं लिहितो. कारण या शाळेत मी दोनदा राहिलोय, एकदा शिकायला अन् एकदा क्वारंटाईनला.

लॉकडाऊनमध्ये ठाण्याची नोकरी गेली, भाडं थकलं, मग ई-पास काढून बायकामुलांना घेऊन मे महिन्यात गावाला आलो. ग्राम कृती दलाने वेशीवरच अडवलं आणि १४ दिवस शाळेत. चौथीचा वर्ग, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता तोच, फक्त बाकांच्या जागी सतरंज्या. शेजारच्या वर्गात माझ्याच बॅचचे दोघे, एक विरारहून आलेला एक पनवेलहून, आणि दोघांच्याही खिशात माझ्याइतकेच पैसे, म्हणजे नव्हतेच. आई रोज पायरीवर डबा ठेवून लांब उभी राहायची आणि तिथूनच ओरडायची, "कुळथाचं पिठलं हाय, गरम हाय तवर खा!" इतक्या मोठ्याने की अख्ख्या वाडीला आमचा मेनू कळायचा. एकदा पनवेलवाला म्हणाला, काकू उद्या घावने करा ना, तर दुसऱ्या दिवशी तीन घरांतून घावने आले. त्या दिवशी आम्ही जेवढं हसलो तेवढा मी ठाण्यात वर्षभरात हसलो नसेन, नोकरी होती तेव्हासुद्धा.

बाहेर पडतोय तोच ३ जून. निसर्ग वादळ दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, आणि इकडे आमच्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात काय झालं ते गावातल्या कुणालाही सांगायला नको. संध्याकाळी आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत गेलो तर पोफळी काड्यापेटी सांडावी तशा एकमेकींवर पडलेल्या. माड मुळासकट. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकेका खोडाला हात लावत शेवटच्या बांधापर्यंत गेले, परत आले आणि ओटीवर बसले ते बोलेचनात. पोफळ धरायलाच पाच-सात वर्षं लागतात, माडाला त्याहून जास्त, आणि अण्णांचं वय सत्तरीचं, हा हिशोब त्यांना कुणी करून दाखवायची गरज नव्हती. मदत जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत, म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये, तेवढ्यात पडलेलं लाकूड उचलायची मजुरीसुद्धा निघत नाही.

कित्येक आठवडे वीज नाही, टॉवर बंद. एका कोपऱ्यात रेंज येते कळल्यावर सगळा गाव संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. वर हात करून मोबाईल धरलेले लोक, त्यात शाळा सोडल्यावर कधी न भेटलेले पण खूप. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा रात्री बॅटऱ्या घेऊन पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, चढणीचे मासे धरायला गेलो, माझा मुलगा पहिल्यांदाच, चिखलात दोनदा बसला आणि घरी येऊन आजीला सांगतो की मीच सगळे पकडले. दुसऱ्या दिवशी कालवणाला आईने खोबरं भरपूर घातलं, कारण पडलेले नारळ घरभर होते. असं हसायला यायचं नि लगेच आपलं आपल्यालाच कसंतरी व्हायचं, अण्णा तिकडे गप्प बसलेत नि आपण हसतोय काय.

मग एक दिवस बाई आल्या. शाळेचे पत्रे उडालेले, ऑफिसच्या कपाटात पाणी गेलेलं, आणि जुनी जनरल रजिस्टरं भिजून फुगलेली. आमची कौलं बऱ्यापैकी शाबूत होती म्हणून ती आमच्या पडवीत आणली. पानापानात जुने पेपर घालायचे, ते ओले झाले की बदलायचे, पानं फाटू नयेत म्हणून खालून सुपारीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद बूड, सरकवून उलटायची. हे काम मी अण्णांसमोर बसून करायचो. एकदा त्यांनी चष्मा मागितला. शाई फुटलेली तरी अक्षर लागत होतं. नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. "मुंबईस गेला." "मुंबईस गेला." "घरकाम." अण्णा बोट फिरवत फिरवत थांबले नि एकदम हसायलाच लागले, खोकला लागेपर्यंत. त्यांच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांची जन्मतारीख १ जून! गुरुजींनी जून महिन्यात नाव घालताना वय बसेल अशी टाकलेली. "अरे ह्यो माझ्याहून चार वर्सांनी मोठा, माझ्या डोक्यात टपल्या मारायचा, नि हितं बघ, दोघं एकाच दिवशी जन्मलोत!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे दोस्त यायला लागले, मास्क हनुवटीवर, अंतर ठेवून वगैरे काही नाही, आपापली जन्मतारीख बघायला. चहाला दूध पुरेना. गप्पांतूनच ठरलं की कुणाच्या वाडीतली खोडं आधी तोडायची, आणि आम्ही मुंबईहून आलेली पोरं शाळेच्या पत्र्यांवर चढलो. पनवेलवाला वायरिंगचं काम करायचा, तो गावातच राहिला, त्याचं बरं चाललंय. मी वर्षभराने परत गेलो. तोपर्यंत अण्णांनी नवी रोपं लावून झाली होती, आता वानरांना शिव्या घालण्यात दिवस जातो त्यांचा.

समितीला एकच विनंती. अमृतमहोत्सवाला ती रजिस्टरं टेबलावर मांडणार असाल तर जरूर मांडा, फक्त अण्णांची खुर्ची तिथून लांब ठेवा, नाहीतर जेवणाची पंगत उठेपर्यंत लाईन हलायची नाही.