बेससाठी कॉम्प्रेसर निवडताना: माझा अनुभव

कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे स्वर आपोआप दाबून बेस गिटारचा आवाज एकसारखा ठेवणारं पायाचं पेडल, कशासाठी हवा, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या वाद्यवृंदात लावण्या असतात, जुनी चित्रपटगीतं असतात आणि शेवटी एखादं स्लॅपवर (अंगठ्यानं तार ठोकून वाजवण्यावर) उभं असलेलं नवं गाणं असतं. जाड ई तारेवरचा स्वर सभागृहभर घुमायचा, बारीक जी तारेवर गेलं की बेस गायब व्हायचा आणि स्लॅपला साउंडवाले दादा घाबरून मिक्सरवरचा बेसच्या आवाजाचा फेडर खाली ओढायचे. पैसे बाजूला काढले होते, वाचूनही झालं होतं. पण घोडं अडलं ते दुकानात, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

पेडल काचेच्या कपाटात. "सील तोडलं तर घ्यावंच लागेल, सर." बरं, डेमोचा पीस? तो होता, पण दहा वॉटच्या गिटार अँपला जोडलेला. बेसचा अँप शेजारीच होता, पण तो "डिस्प्लेचा" म्हणून लावून मिळेना. मी स्वतःचा बेस पाठीवर घेऊन गेलो होतो, तो केसमधून बाहेरही निघाला नाही. विक्रेत्यानं दुकानातली गिटार घेतली, एक कॉर्ड वाजवली, पेडल दाबलं. आवाज दणकन वाढला. "बघा सर, किती फरक!"

हा फरक कॉम्प्रेशनचा नव्हे, आउटपुटच्या नॉबचा. आवाज जरासा मोठा झाला की कानाला तो चांगलाच वाटतो, ही माणसाच्या कानाची सवय आहे. म्हणून कॉम्प्रेसर ऐकायचा तर आधी आउटपुट असा लावायचा, की पेडल चालू असो वा बंद, आवाज सारखाच राहील. मग जो फरक उरतो तो खरा. मी हे सांगितलं, नॉबला हात लावू का म्हणून विचारलं, तर मागे दुसरं गिऱ्हाईक थांबलंय असं उत्तर मिळालं. हजारो रुपयांची वस्तू घेणाऱ्या माणसाला पाच मिनिटं नॉब फिरवू न देणं मला आजही पटत नाही.

आणि गिटारवर ऐकून बेसचं काय कळणार? चार तारांच्या बेसची मोकळी ई तार साधारण 41 हर्ट्झला बोलते. त्या चिमुकल्या अँपच्या स्पीकरमधून हा मूळ स्वर धड बाहेरच येत नाही. शिवाय 41 हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन सुमारे 24 मिलिसेकंदांचं. रिलीज (दाबलेला आवाज पुन्हा सोडण्याचा वेग) फार जलद ठेवला तर कॉम्प्रेसर स्वराच्या चढउताराऐवजी त्या एकेका आवर्तनामागे धावू लागतो आणि आवाज फाटल्यासारखा, गुरगुरता येतो. गिटारवर लपून जाणारा हा दोष बेसवर लगेच उघडा पडतो. पाच तारांचा बेस असेल तर मोकळी बी तार 31 हर्ट्झची, म्हणजे आणखी सांभाळून. मला नेमकं हेच तपासायचं होतं आणि तिथं ते अशक्य होतं.

शेवटी दुसऱ्या एका दुकानात मालकांनी मागच्या खोलीत बसू दिलं. माझा बेस, माझा छोटा मिक्सर, माझा हेडफोन. कोणी घाई केली नाही. तुम्हीही हे तिन्ही घरूनच न्या. मोबाईलमध्ये तुमच्याच तालमीचं, बेस नसलेलं रेकॉर्डिंग ठेवा आणि त्याच्यावर वाजवा. एकटा बेस ऐकून निवडलेलं सेटिंग ढोलकीसोबत टिकत नाही. ढोलकीच्या धुमेचा घुमारा आणि बेस यांची जागा जवळजवळ एकच. अटॅक (आवाज दाबायला सुरुवात करण्याचा वेग) थोडा संथ ठेवला तर बोटाचा पहिला ठोका मोकळा सुटतो आणि मागचा घुमारा आवरला जातो. अटॅक फार जलद केला की ठोकाच दबतो, मग बेस आहे की नाही हेही कळत नाही.

तिथं दोन पेडल मनात भरली. बॉसच्या बीसी-वन-एक्सवर अटॅकचा नॉब नाही, ते पेडल स्वतःच ठरवतं, आणि किती दाबलं जातंय हे दिव्यांवर दिसतं. ज्यांना कमी नॉब हवेत त्यांनी ते जरूर ऐकावं. मला अटॅक माझ्या हातात हवा होता, म्हणून एमएक्सआरचं एम-87 घेतलं. त्यावर थ्रेशोल्डचा, म्हणजे ज्याच्या वर गेलेला आवाज दाबला जातो त्या उंबरठ्याचा, नॉब नाही. इनपुट वाढवाल तितकं जास्त दाबलं जातं. स्टुडिओतल्या 1967 सालच्या प्रसिद्ध 1176 कॉम्प्रेसरची रीत हीच. बोटांनी वाजवताना रेशो 4:1, म्हणजे उंबरठ्याच्या वर गेलेल्या चार डेसिबलचे एक डेसिबल होतात. याच्यावरचे दिवे सलग पेटलेले राहिले तर इनपुट कमी करा. जोराच्या स्वरावर पेटून पुढच्या स्वराआधी विझले पाहिजेत.

एक सांगायचं राहिलं, अॅडॉप्टर. पेडलला साधारणपणे 9 व्होल्टचा, मधलं टोक ऋण (निगेटिव्ह) असलेला लागतो. बाजारातल्या साध्या अॅडॉप्टरमध्ये बहुधा उलटं असतं. पेडलवरचं चिन्ह बघूनच जोडा. बेसवर सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन पकडणारं एकाच वेटोळ्याचं साधन) असेल तर गुणगुण वाढलेली ऐकू येईल, कारण हळू आवाज वर उचलले जातात तशी तीही उचलली जाते. दुकानात न वाजवता नुसते हात तारांवरून काढून एकदा शांतता ऐका.

आणि कार्यक्रमाआधी साउंडवाल्यांना विचारा, बेसच्या चॅनलवर त्यांनीही कॉम्प्रेसर लावलाय का. आमच्या दादांनी लावला होता. मी सांगितल्यावर त्यांनी तो काढला, आणि स्लॅपच्या गाण्याला फेडर पहिल्यांदा जागच्या जागी राहिला.