कागद सगळे होते, कलम चुकलं होतं

जर्मनीच्या नोकरी-व्हिसाच्या फायली तपासणं हे माझं काम. अर्ज पोर्टलवर चढवण्याआधी शेवटची नजर माझी असते. २०२५च्या नोव्हेंबरात आलेली एक फाइल नव्या सहकाऱ्यांना शिकवताना आजही पुढे ठेवावीशी वाटते.

अर्जदार मेकॅनिकल इंजिनिअर, वय ४६, यंत्रभागांच्या डिझाइनमध्ये मुरलेला माणूस. जर्मनीतल्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने नोकरी देऊ केली होती. पासपोर्ट, पदवी, गुणपत्रिका, अनुभवाची पत्रं, करारपत्र, बायोडेटा, सगळं क्रमाने लावलेलं. अर्ज भरला होता ‘पदवीधर कुशल कर्मचारी’ या प्रकारात, म्हणजे जर्मन निवास कायद्याच्या कलम १८बी खाली. पदवी आहे, नोकरी आहे, प्रकाराचं नावही जुळतंय. त्यामुळे बहुतेक जण डोळे झाकून हाच प्रकार निवडतात.

अडचण वयात होती. पंचेचाळीस पूर्ण झालेल्या माणसाला १८ए (व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेल्यांचं कलम) किंवा १८बी खाली पहिल्यांदाच परवाना हवा असेल, तर त्याचा वार्षिक पगार पेन्शन विम्याच्या वर्गणी-मर्यादेच्या (ज्या वार्षिक पगारापर्यंतच पेन्शनची वर्गणी कापली जाते तिच्या) किमान ५५ टक्के असावा लागतो. नाहीतर म्हातारपणाची पुरेशी तरतूद असल्याचा पुरावा द्यावा लागतो. उशिरा येणाऱ्याची वर्गणी थोडीच वर्षं भरली जाते, पुढे पेन्शन तोकडी पडून त्याचा भार सरकारवर येऊ नये, हा त्यामागचा विचार. २०२५ साली ती मर्यादा ९६,६०० युरो होती, म्हणजे ५५ टक्क्यांचे झाले ५३,१३०. ऑफर लेटरवर आकडा होता ४९,८००. तरतुदीचा पुरावा म्हणून जोडलेला निधीचा उतारा फारच अपुरा होता. फाइल तशीच गेली असती तर नकार ठरलेलाच होता.

आणि नकाराची किंमत आता वाढली आहे. पूर्वी नकार आला की व्हिसा कार्यालयाकडेच फेरविचाराचं पत्र देता यायचं. १ जुलै २०२५पासून जर्मनीने ती सोय जगभर बंद केली. आता दोनच वाटा उरतात: नव्याने अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. पहिल्या वाटेत रांग पुन्हा पहिल्यापासून, दुसरीत वेळही जातो आणि पैसाही. म्हणून जे काय शोधायचं ते अर्ज जाण्याआधीच शोधायला हवं.

वयाची ती अट फक्त १८ए आणि १८बी या कलमांना लागू आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास परवाना, येतो १८जी खाली, आणि तिथे ती अट नाही. तोच माणूस, तीच नोकरी, तीच पदवी; फक्त कलम बदललं की वयाचा प्रश्नच मिटतो. ब्लू कार्डाला पगार लागतो त्याच वर्गणी-मर्यादेच्या ५० टक्के, म्हणजे २०२५साठी ४८,३०० युरो. ऑफर ४९,८००ची. कागदावर तरी सुटल्यासारखं दिसत होतं.

पण ऑफर लेटरवर मी कधीच विसंबत नाही, करारपत्र उघडल्याशिवाय तर नाहीच. करारात लिहिलं होतं: दरमहा ग्रॉस ३,९०० युरो, बारा महिने, शिवाय कंपनीच्या निकालानुसार वर्षाला ३,००० युरो‘पर्यंत’ बोनस. या ‘पर्यंत’मुळेच सगळं अडलं. हमी असलेला पगार तेवढाच धरला जातो. करारात तेरावा पगार नक्की लिहिलेला असेल तर तो मोजतात, निकालावर अवलंबून असलेला बोनस मोजत नाहीत. ३,९०० गुणिले १२, म्हणजे ४६,८००. ब्लू कार्डाच्या सर्वसाधारण आकड्याला १,५०० युरो कमी.

कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारला: बोनसमधले १,५०० युरो मूळ पगारात घेता येतील का? एचआरचं उत्तर आलं की त्या पदाची वेतनश्रेणी ठरलेली आहे, एकट्यासाठी ती हलवता येणार नाही. त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

उरली तिसरी वाट. ज्या व्यवसायांत माणसांची टंचाई आहे त्यांना ब्लू कार्डासाठी कमी आकडा पुरतो: मर्यादेच्या ४५.३ टक्के, २०२५साठी ४३,७५९.८० युरो. इंजिनिअर त्या यादीत आहेत. मात्र या वाटेवर संघीय रोजगार संस्थेची संमती लागते. ४६,८०० इथे आरामात बसत होते.

इथे नोकरीविषयीचं जाहीरपत्र काढलं. हा फॉर्म मालकाने भरायचा असतो आणि रोजगार संस्था मुख्यतः तोच वाचते: पदाचं नाव, कामाचं वर्णन, आठवड्याचे तास, ग्रॉस पगार, सुट्ट्या, ओव्हरटाइमचं बंधन, कामाला कुठलं शिक्षण लागतं. पदाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर’. वर्णनाची एकच ओळ: ‘प्रकल्पांचा समन्वय व ग्राहकांशी संपर्क’. या वर्णनावरून कुणीही हे काम इंजिनिअरचं धरलं नसतं. समन्वयक टंचाईच्या यादीत नाही, आणि असं काम मेकॅनिकलच्या पदवीला साजेसं आहे का, ही शंका वेगळीच.

असं का लिहिलं, हे विचारल्यावर कारण कळलं. जर्मनीत ‘इंजेनिअर’ ही उपाधी राज्यांच्या कायद्यांनी संरक्षित आहे; परदेशी पदवीवर ती नावापुढे लावायला परवानगी घ्यावी लागते. एचआरने सावध राहून तो शब्दच टाळला होता. शब्द टाळायला हरकत नाही, पण कामही लपवलं गेलं होतं. रोजगार संस्था व्यवसाय ठरवताना मथळ्यापेक्षा प्रत्यक्ष काम बघते. म्हणून कंपनीला सुचवलं की मथळा काहीही ठेवा, वर्णन मात्र कामाचं द्या. नवा फॉर्म आला तो असा: गिअरच्या दात्यांवरच्या भाराची आकडेमोड, शाफ्ट आणि बेअरिंगची निवड, थ्रीडी मॉडेल, टॉलरन्ससह उत्पादनाची ड्रॉइंग्ज, चाचणीनंतर डिझाइनमधल्या दुरुस्त्या. किमान शिक्षणाच्या रकान्यात ‘यंत्र अभियांत्रिकीची पदवी’. समन्वयाचं काम होतंच, ते शेवटी एका ओळीत.

करारपत्रातही पदाचं नाव तेच जुनं होतं. करार, जाहीरपत्र आणि अर्ज या तिन्हींत पद, तास आणि पगार एकसारखे नसतील तर प्रश्न येतो, आणि एक प्रश्न म्हणजे काही आठवडे. कंपनीने कराराला पुरवणी जोडली, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह.

कॅलेंडरकडेही बघावं लागतं. वर्गणी-मर्यादा दर जानेवारीत बदलते. २०२६ची झाली १,०१,४०० युरो, म्हणजे ब्लू कार्डाचा सर्वसाधारण आकडा ५०,७०० आणि टंचाईच्या व्यवसायांचा ४५,९३४.२०. नोव्हेंबरातल्या अर्जाचा निर्णय पुढच्या वर्षात गेला तर नवा आकडा आडवा येऊ शकतो. ४६,८०० त्याही आकड्याला पुरत होते, जेमतेम ८६६ युरोंनी. कंपनीने बोनसमधले १,५०० युरो मूळ पगारात घेतलेच असते आणि आपण सर्वसाधारण वाटेने गेलो असतो, तर जानेवारीत ४८,३०० अपुरे पडले असते! वर्षअखेरीच्या फाइलला नेहमी दोन्ही वर्षांचे आकडे लावून बघावेत.

पदवीची पडताळणी त्या मानाने सरळ झाली. आनाबिन या जर्मन डेटाबेसमध्ये विद्यापीठाला ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा होता आणि चार वर्षांची पदवी जर्मन पदवीशी समकक्ष म्हणून नोंदलेली होती. दोन्ही पानांची प्रिंट जोडायची, एकाच पानाची नव्हे. कॉलेजचं नाव तिथे सापडत नाही म्हणून लोक घाबरतात. शोधायचं असतं पदवी देणारं विद्यापीठ. पदवीची नोंद नसेल किंवा ‘सशर्त तुलनीय’ असा शेरा असेल, तर बॉनच्या झेडएबी या संस्थेकडून तुलनापत्र घ्यावं लागतं. त्याचं शुल्क २०८ युरो.

नावाचंही बघावं लागलं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव अर्जदाराच्या नावाला जोडून, एका अनुभवपत्रात वडिलांचं नावच गाळलेलं. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला ही तीन माणसं वाटू शकतात. एक पानी खुलासा दिला, प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं लिहून.

विमा हीसुद्धा नेहमीची खोट. जर्मनीतला आरोग्य विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो, त्यामुळे पोहोचल्यापासून रुजू होईपर्यंतचा विमा वेगळा घ्यावा लागतो. यांच्या पॉलिसीत मधले अकरा दिवस उघडे होते. तारखा वाढवून घेतल्या.

अर्ज १८जी खाली गेला. रोजगार संस्थेने दोन आठवड्यांत हरकत घेतली नाही तर संमती धरली जाते, पण तिने मालकाकडे माहिती मागितली की ही मुदत लागू राहत नाही. इथे मागितलीच: तिथल्या अशाच कर्मचाऱ्यांना पगार किती मिळतो? परदेशी माणसाला स्थानिकांपेक्षा कमी पगारावर राबवलं जात नाही ना, हे ती तपासते. ही तपासणी मला मनापासून पटते. ती अर्जदाराच्याच हिताची आहे. कंपनीने त्या पदाची वेतनश्रेणी लगेच पाठवली आणि संमती आली.

व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचायच्या: नावाचं स्पेलिंग, वैधतेच्या तारखा, मालकाचं नाव आणि कलमाचा आकडा. ब्लू कार्डावर कायम वास्तव्याचा अर्ज २७ महिन्यांनी करता येतो, जर्मन बी१ पातळीवर असेल तर २१ महिन्यांनी. १८बी खाली त्याला तीन वर्षं लागतात. स्टिकरवर चुकून १८बी छापलं गेलं असेल तर दुरुस्ती विमानात बसण्याआधी मागायची. या स्टिकरवर १८जीच होतं.