तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कुणाला होतं का?

"तुमना घरमा कोनले व्हतं का?" हा प्रश्न मला अमळनेरच्या भाजीबाजारात विचारला गेलाय, चुलत्याच्या दहाव्याला नदीवर विचारला गेलाय, आणि एकदा चोपड्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने गाडी सुटायच्या आत विचारलाय. मला कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. तो म्हणजे काय, रक्त का पडतं, दिवसातून किती वेळा जावं लागतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. घरात कुणाला होतं का, एवढंच राहिलेलं असतं. त्याच्या पोटात खरा प्रश्न असतो: आनुवंशिक आहे का?

नव्हतं कुणाला. वडिलांचे एक काका संग्रहणीने गेले म्हणतात, पण तेव्हा आतड्यात दुर्बीण घालून कोण बघत होतं?

आणि आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, कारण आठ वर्षांपूर्वी मीच उलटं सांगत फिरत होतो. आजार निघाला तेव्हा अख्ख्या गावाने निकाल दिला होता: शेवभाजीने झालं. काळा मसाला, वर तर्री, रात्री उशिरा धाब्यावर बसणं, अजून काय होणार! आई तर स्वतःच्या हातच्या ठेच्याला दोष देऊन रडायची. एवढं तिखट तर सगळा खान्देश खातो, मग सगळ्यांची आतडी का सोलून निघत नाहीत, हे मी ओरडून विचारायचो. मग मला एक शब्द सापडला. जीन्स. "तिखटाने नाही, जीन्समुळे होतं," असं मी लग्नात, पारावर, दुकानाच्या गल्ल्यावर सांगू लागलो. आईचं रडणं थांबलं. मी जिंकलो असं मला वाटलं.

खोटं नव्हतं ते, पण अर्धं होतं. कोलायटिस आणि त्याचा भाऊबंद क्रोन्स, तोही आतड्याच्या सुजेचाच आजार, दोन्ही मिळून दोनशेहून जास्त जागा आपल्या गुणसूत्रांवर सापडल्यात, आणि एकेक जागा धोका जेमतेम चिमूटभर वाढवते. २००१ साली नॉड-टू नावाचा जीन सापडल्याचं वाचलं तेव्हा मी उडालोच होतो, सापडला म्हटलं चोर. पुढे कळलं की तो क्रोन्सचा, आणि त्यातले जे तीन बदल युरोपात गाजले ते आपल्याकडच्या माणसांत जवळजवळ नाहीतच. कोलायटिसचा जास्त भार सहाव्या गुणसूत्रावर आहे, शरीर आपलं-परकं ओळखतं त्या भागात. पण हुबेहूब जुळ्यांचं बघा. सगळे जीन्स तेच, तरी एकाला कोलायटिस असेल तर दुसऱ्याला होतो शंभरातल्या पंधराएक जोड्यांत. बाकीच्या पंच्याऐंशी जोड्यांत तेच जीन्स गप्प बसतात. बापाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आतच. हे सगळं मला माहीत होतं. पण पारावर पंधरा आणि पाच कोण ऐकतो? तिथे एकच शब्द चालतो, आणि तो मीच चालवला होता.

गेल्या वर्षी तो माझ्याच घरी परत आला.

माघ संपता संपता स्टेरॉइड कमी केले की रक्त, वाढवले की बंद, असं चाललेलं. डॉक्टरांनी अझाथायोप्रिन सुरू केलं, शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसले. मग अंघोळीत टॉवेलला मूठभर आले. चार दिवसांत डोकं नारळासारखं झालं, भुवया विरळ झाल्या, ताप चढला. पांढऱ्या पेशी किमान चार हजार हव्यात, त्या अकराशेवर आल्या होत्या. नऊ दिवस दवाखान्यात. रक्त मुंबईला तपासायला पाठवलं आणि एक कागद आला: एनयूडीटी-१५ नावाच्या जीनच्या दोन्ही प्रती बदललेल्या. ही गोळी शरीरात जाऊन जे विष तयार करते, ते निकामी करणारं एन्झाइम माझ्याकडे जवळजवळ नाहीच. २०१४ साली कोरियातल्या कोलायटिस-क्रोन्सच्या रुग्णांत हे उमगलं. गोऱ्यांत क्वचित, आशियात बरंच. तपासणी आधी का नाही केली, हे मी विचारलं. उत्तर मिळालं ते इथे लिहून उपयोग नाही.

घरी आलो आणि पंधरा दिवसांत पुतणीला बघायला शिरपूरकडचे पाहुणे आले. मी डोक्यावर टोपी घालून ओट्यावर बसलेलो. भाऊने सकाळीच बजावलं होतं, "जास्त बोलू नको." वरणबट्टी, घोटलेली वांगी, सगळं झालं. मी आत जाऊन मुगाची खिचडी खाऊन आलो. पसंती आहे हे दोन्हीकडच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मग टॉवेल-टोपीची वेळ आली. मुलाचे आजोबा माझ्यासमोर उभे राहिले, हातात कोरी टोपी. ती घालायची तर माझी काढावी लागणार. मी काढली.

ओटा गप्प झाला. आजोबांनी टोपी हातातच धरली आणि अगदी मायेने विचारलं, "काय व्हयनं भाऊ? केस कसा गयात?"

मला सांगता आलं असतं. कोलायटिस, गोळी, जीन. तीन शब्द. पण तिसरा शब्द कानावर पडला की पहिले दोन कुणी ऐकले नसते, आणि पुतणी दाराच्या फटीतून बघत होती. भाऊ म्हणाला, "टायफॉइड." आणि माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी म्हणालो, "एकवीस दिवस होता, उलटला मधेच." एकवीस दिवसांची भर माझी. आजोबांनी टोपी घातली, पाठीवर हात फिरवला. पाहुणे गेल्यावर मी भाऊवर चिडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "जीन्स जीन्स तूच करत होतास ना गावभर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पुतणीचं सुख बघता बरोबर केलं असं सोमवारी वाटतं. मंगळवारी वाटतं, ज्या आजाराचं नाव मोठ्याने घ्यायचा मी सगळ्यांना आग्रह करत होतो, तो मी कोऱ्या टोपीखाली झाकला. पुतणीला काकामुळे कोलायटिस होण्याची शक्यता इतकी किरकोळ की सांगण्यासारखं काही नव्हतंच, असंही मी स्वतःला समजावतो. पण मग खोटं कशाला बोललो?

आणि तुम्ही कुणीच विचारत नाही ते हे. त्या कागदावरचं मात्र खरोखरच वारशाचं आहे. एक प्रत आईची, एक वडिलांची. म्हणजे भाऊलाही दोन्ही मिळाल्या असण्याची शक्यता चारात एक तरी आहेच. ती गोळी कधी घेतली नाही तर जन्मभर पत्ता लागणार नाही. पण त्याच जातीचं औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्येही देतात. उद्या त्याच्या एखाद्या नातवाला लागलं तर डॉक्टरांना आधी माहीत हवं. कागद कपाटात, एलआयसीच्या पावत्यांखाली आहे. भाऊला दाखवायचा म्हणजे त्याच्या घरातही तो शब्द न्यायचा, आणि आता ते घर शिरपूरपर्यंत पोचलंय.

परवा शेतात भरीत पार्टी होती. व्याही आले होते, आजोबाही. काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी. माझं पोट सध्या बरं असल्याने मीही बसलो. केस परत आलेत, थोडे कुरळे. आजोबांनी ते निरखून पाहिले. "टायफॉइड परत उलटना नही ना?"

"नही," मी म्हणालो. भाऊ शेजारीच बसला होता, त्याने माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.