आमची वाटचाल : कापल्यावरही अखंड राहणारे अक्षर

आज आम्ही कापणीसाठी आणि वेबसाइटसाठी चित्रांच्या व अक्षरांच्या डिजिटल फाइली विकतो. या व्यवसायाची सुरुवात पुण्यात लग्नपत्रिकांचे डिझाइन करण्यापासून झाली. तेव्हा कागदच पांढरा असल्यामुळे चित्रामागची पांढरी चौकट कोणाच्या डोळ्यांत येत नसे. पुढे पत्रिकांवरची तीच गणेशचित्रे लोक गडद रंगाच्या वेबसाइटवर लावू लागले, विनाइलमधून (चिकटवण्याच्या प्लास्टिक पत्र्यातून) कापून घेऊ लागले, आणि ती चौकट उघडी पडली.

खरा धडा मात्र मिळाला तो गणेशोत्सवाच्या तोंडावर. एका मखर करणाऱ्या कारागिराने ‘गणपती बाप्पा मोरया’ ही अक्षरे एमडीएफमधून (लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीतून) लेझरने कापण्यासाठी आमच्याकडून घेतली. पडद्यावर ती निर्दोष दिसत होती. कापून आली तेव्हा शिरोरेघेचे तुकडे झाले होते आणि काने सुटे पडले होते. फॉन्टमध्ये एका अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरात किंचित शिरलेली असते. छपाईत काळ्यावर काळे पडल्याने ते कळत नाही, पण यंत्र बाह्यरेषेवरून चालते आणि दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथेही कापत जाते. चूक सर्वस्वी आमची होती, म्हणून नव्या कापणीचा खर्च आम्हीच सोसला. तेव्हापासून अक्षरे पाथमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या रेषाकृतीत बदलून आणि वेल्ड करून, म्हणजे जोडलेल्या अक्षरांची एकच सलग बाह्यरेषा करूनच आम्ही फाइल देतो.

रांगोळीच्या छाप्यात अडचण नेमकी उलटी असते. तिथे अक्षर म्हणजेच भोक, त्यामुळे ‘प’ आणि ‘ब’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तो अरुंद पट्टीने धरून ठेवावा लागतो, आणि ही पट्टी शिरोरेघेच्या लगेच खाली घेतली तर डोळ्याला सर्वांत कमी खटकते, असा आमचा अनुभव आहे.

स्कॅन केलेले चित्र सॉफ्टवेअरकडून आपोआप ट्रेस करून, म्हणजे त्यावरून बाह्यरेषा काढून घेणे आम्ही कटाक्षाने टाळतो. त्यात मोराच्या एका पिसावर शेकडो नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) पडतात, प्लॉटरचे, म्हणजे कापणी यंत्राचे पाते अडखळत चालते आणि विनाइल फाटते. तेच पीस हाताने काढले तर मोजक्या नोडमध्ये अधिक डौलदार उतरते.

वेबसाठी आम्ही एसव्हीजी (रेषांवर आधारलेली) आणि पीएनजी (बिंदूंनी बनलेली) अशा दोन्ही प्रकारच्या चित्रफाइली देतो. २००१ साली प्रमाणित झालेल्या एसव्हीजीत रेषा निर्देशांकांच्या, म्हणजे बिंदूंची जागा सांगणाऱ्या आकड्यांच्या रूपात साठवलेल्या असतात, म्हणून चित्र कितीही मोठे केले तरी कडा फुटत नाहीत. पीएनजीत प्रत्येक बिंदूला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळू शकतात. मात्र पांढऱ्यावर काढलेल्या चित्राची पार्श्वभूमी नंतर पुसली, तर काठावरच्या अर्धपारदर्शक बिंदूंत पांढरा रंग मुरलेला राहतो आणि काळ्या पानावर चित्राभोवती फिकट कड दिसते. यासाठी आमचे प्रत्येक चित्र मुळातच पार्श्वभूमीशिवाय काढले जाते.

सध्या आंब्याच्या पानांच्या कागदी तोरणाचे काम सुरू आहे. पानांच्या शिरा इतक्या नाजूक झाल्या आहेत, की कापलेला कागद यंत्राच्या चिकट चटईवरून सोडवताना देठाशी फाटतो. देठ रुंद केले की पान आंब्याचे वाटत नाही. म्हणून तो संच अद्याप विक्रीला ठेवलेला नाही.